घुबडाची नंबरप्लेट

३ नोव्हेंबर
आलं गाडी-नोंदणी कचेरीचं पत्र! वर्षअखेरपर्यंत दोनशे गाड्यांवर घुबडाच्या चित्राची नंबरप्लेट नसेल, तर राज्य ती बंदच करणार. आमच्याकडे नऊ कमी! प्लेटमागे वर्षाला पंचवीस डॉलर जास्त पडतात, ते आमच्या जखमी घुबडांच्या दवाखान्याला मिळतात. प्लेट गेली की दवाखान्याला टाळं. आणि ते टाळं लावायचं कोणी? मीच!

९ नोव्हेंबर
चर्चमध्ये तळलेल्या माशांचं जेवण. दारातच घुबड-प्लेटच्या नोंदणीचं टेबल मांडलं. ब्युफर्ड म्हणतो, "डॉटी, माझ्या पिकअपवर फुटबॉल टीमची प्लेट आहे. ती काढली तर मुलं मला घराबाहेर काढतील!" म्हटलं, "मग बायकोच्या गाडीला लाव!" लावतोय! मासे मात्र खारट.

१६ नोव्हेंबर
किराणा दुकानात अर्लीन दिसली. माझी सख्खी थोरली बहीण! माझ्याकडे सरळ बघितलं आणि ओळखच दाखवली नाही. राणीसाहेबांचा हात धरून शेजारीण चालत होती. काय हा थाट! चार वर्षांपूर्वी जत्रेच्या स्पर्धेत दोघींनी आईच्याच पद्धतीची, पीच फळाची पाय-पेस्ट्री मांडली— बक्षीस तिसरीलाच— तेव्हापासून अबोला. मीही हाक मारली नाही. गेली उडत!

२ डिसेंबर
गावच्या रेडिओवर बोलले. जीभ अडखळली, पण बोलले. संध्याकाळपर्यंत तिघांचे फोन!

२० डिसेंबर
अजून एक हवी. एकच! पंख तुटलेलं घुबड आज मनगटावर चढून बसलं. ह्याला कुठे नेऊ मी? गाडीत बसून रडले.

३० डिसेंबर
कचेरीतली वांडा फोनवर ओरडलीच— "डॉटी, झाल्या दोनशे! शेवटची कोणाची, सांगू? तुझ्या अर्लीनची!"
तिला काय पडलंय घुबडांचं? उद्या जाऊन विचारतेच.

३१ डिसेंबर
अर्लीनच्या अंगणात तिची जुनी ब्युइक गाडी. चारही टायर बसलेले, दारापर्यंत गवत. मागे कोरी करकरीत घुबडाची प्लेट.
अर्लीन पायरीवर आली. मी तिच्यापासून दोन हात अंतरावर उभी, तरी ती विचारते, "कोण आहे?"
"मी... डॉटी."
"डॉटे! रेडिओवर ऐकला गं तुझा आवाज." मग हसली. "दोन वर्षं झाली, डोळे गेले माझे. तुला कळवायचं म्हटलं, पण तोंड कुठे होतं?"
चाचपडत गाडीमागे गेली आणि प्लेटवर बोटं फिरवली.
"आकडे लागतात हाताला. घुबड लागत नाही. कसं दिसतं गं ते?"