आईच्या आजोबांचे वडील

८ मार्च
सापडले! १८८१ ची जनगणना, स्कॉटलंड, डंडी शहर. डंकन रे, विणकर. बायको, पाच मुलं. त्यांत जेम्स, वय नऊ. आईचे आजोबा, जेम्स डंकन रे. रेल्वेत फोरमन म्हणून आले, इगतपुरीत मराठी बाईशी लग्न केलं, तिथेच गेले. थडग्यावर नाव, जन्मसाल आणि ‘डंडी’, बस्स. आईची आई तेव्हा तान्ही; आजोळी वाढली. वडिलांकडचं एकही माणूस तिने पाहिलं नाही. आईनेही नाही.
पुण्याला फोन. आई अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी किंचाळली. “पणजोबा विणकर! अगं, मग मला रंगाची एवढी पारख उगीच नाही!”

१९ मार्च
वंशावळीच्या साइटवर त्याच डंकनची पणती भेटली. फिओना, निवृत्त नर्स. आज व्हिडिओ कॉल. आई: “नाक बघ तिचं! थेट माझ्या आईचं!” मलाही तसंच दिसलं. मे महिन्यात आई इथे जर्मनीत, लुडविग्सहाफेनला येतेय, तेव्हा फिओनाही येणार. तिने फ्रँकफर्टचं तिकीट काढलंसुद्धा.

२ एप्रिल
दवाखान्यात नवीन मुलगी. कार्ड बघून म्हणाली, तुमची दोन नावं आहेत. हाक कुठल्या नावाने मारतात, वृंदा की नितीन? घरी सांगितल्यावर लेक इरा दिवसभर “फ्राऊ नितीन!”, म्हणजे ‘नितीनबाई’, म्हणत फिरली. नितीनही तिला सामील.
हसता हसता थांबले. मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं, हे आपलं. त्यांचंही तसंच, हे मला कुणी सांगितलं? मी फक्त डंकन नावाचे बाप शोधत होते. बाकीच्या घरांकडे पाहिलंच नाही.
फिओनाला विचारलं. “आमच्यात मधलं नाव कितीदा आईच्या माहेरचं आडनाव असतं. डंकन आडनावही आहे की! थांब, मी बघते.”

५ एप्रिल
तिचा जेम्स १९०१ च्या जनगणनेत डंडीतच आहे. बेकर, बायको-मुलांसह. आमच्या आजोबांचा त्याच सालचा इगतपुरी वर्कशॉपमधला फोटो आहे. म्हणजे हे ते नव्हेत.
नितीन म्हणतो, “दोघींना भेटू दे, मग सांग. नाक तर जुळतंय ना?”
चिडले. मग वाटलं, तो काही वाईट म्हणत नाही. पण आईचं वय झालं म्हणून तिला परक्यांच्या घरात बसवून द्यायचं? आणि ते नाक. मी स्वतः पाहिलं होतं, आणि...

६ एप्रिल
सांगितलं.
“मग ती माझी कोण?”
“कोणी नाही, आई.”
“माझी आई जन्मभर म्हणायची, माझी माणसं कुठेतरी असतील. मला वाटलं, झालं एकदाचं.” मग, “तिला कळलंय?”
“तिनेच शोधलं.”
“म्हणजे प्रामाणिक आहे. यायचं रद्द नाही ना केलं?”
विचारायची हिंमत नव्हती. फिओनाचाच मेसेज आला: तिकीट माझं आहे, तुमच्या पणजोबांचं नाही. येते.

२७ एप्रिल
आता उलट्या बाजूने. जन्मनोंदींत आईचं माहेरचं आडनाव असतं, हे फिओनाकडून कळलं. डंडी, आई डंकन, मुलगा जेम्स रे, साल जुळणारं: एकच. वडील विल्यम. मग १८८१ ला त्यांचं घर काढलं. विल्यम, लोहार. बायको अ‍ॅग्नेस. जेम्सपुढे धंद्याच्या रकान्यात ‘विद्यार्थी’. धाकटी मार्गारेट, वय एक.
‘हेच’ लिहिलं होतं, खोडून ‘बहुधा’ केलं. मागच्या वेळीही साल जुळलं होतं.

१७ मे
फिओना काल आली. आईने दारातच तिचे दोन्ही हात धरले. थालीपीठ खाताना फिओनाच्या डोळ्यांत पाणी, मिरचीमुळे. आई मला मराठीत, “अगं, दही दे तिला, संकोचतेय!”
दुपारी दोघी लॅपटॉपसमोर. विल्यमचं घर उघडलं. आई ‘बहुधा’ ऐकायला तयार नाही, मी सोडायला तयार नाही. शेवटी आईने पडद्यावर बोट ठेवलं.
“हा जेम्स ‘बहुधा’च असेना का. पण ही धाकटी, मार्गारेट. मोठी झाली असेल ना? तिला मुलं झाली का, बघ.”
मी म्हटलं, आधी नातं पक्कं करू, मग...
फिओनाला मराठी येत नाही. तिने चष्मा लावला होता आणि मार्गारेटचं नाव टाइप करायला घेतलं होतं.