खुर्ची नेण्याआधी

प्रिय ताई,

रविवारी टेंपो पाठवतेस हे कळलं. खुर्ची तुझीच, त्यात वाद नाही. थोरलीच्या घरी जाईल, असं आजी सगळ्यांसमोर म्हणाली होती. पणजोबांनी ती स्वतःच्या हाताने केली. पाठीला शिडीसारख्या चार आडव्या पट्ट्या बसवल्या, त्यातली वरची तू चढून मोडलीस. नवी बसवताना आजोबा म्हणाले होते, या पोरीला खुर्ची कशाला, शिडीच करून द्या! ती पट्टी अजूनही बाकीच्यांपेक्षा फिकट दिसते. काल मी सगळीकडून तेलाचं फडकं फिरवलं. हात टेकतात तिथलं लाकूड झिजून खोलगट झालंय. तुझ्या दिवाणखान्यात ती छान दिसेल, फक्त उन्हात ठेवू नकोस.

हे लिहिताना मी सारखा उठतोय, आतल्या खोलीत डोकावून येतोय. दुकानातही चित्त नसतं. काल पाटी रंगवताना रेघ वाकडी गेली, तर मालक म्हणाले, काय रे, लग्न ठरलं की काय? मी रेघ पुसून पुन्हा ओढली. आजोबांचं शेवटचं वर्ष तुला आठवतं का? त्यांचा तोल जायचा, म्हणून बाबा त्यांना याच खुर्चीत बसवायचे आणि जुन्या चादरीचा पट्टा त्या पट्ट्यांमधून ओवून पोटाशी बांधायचे. तू घाबरून स्वयंपाकघरात पळायचीस. दुसऱ्या खुर्चीला तसं बांधता येत नाही. प्लॅस्टिकच्या खुर्चीला मी बांधून पाहिलं, ती माणसासकट कलंडते.

ताई, हल्ली बाबाही असेच एका अंगाला कलतात. तुझा व्हिडिओ कॉल आला की मी आधी त्यांना उशा लावतो, मग फोन समोर धरतो. तिला कळवलंस तर याद राख, सगळं टाकून धावत येईल, असं त्यांनीच बजावलंय. रोज कामावर जाण्याआधी मी त्यांना खुर्चीला बांधतो, मग शेजारच्या मावशी येऊन बसतात. बांधताना बाबा छताकडे बघत राहतात. वर म्हणतात, आवळ रे, लाजतोस काय, मीही माझ्या बापाला बांधलंय. पण माझ्याच्याने गाठ आवळवत नाही. परवा ती सुटली आणि ते खाली घसरले. कोपर सोलपटलं, बाकी काही नाही. म्हणून त्यांचा शब्द मोडून लिहितोय. टेंपो पाठवू नकोस, तूच ये. गाठ मीच मारीन, तू फक्त त्यांच्यासमोर उभी राहा. त्यांना छताऐवजी बघायला कुणीतरी हवं.

तुझाच,
धाकटा