छायाचित्र क्रमांक एकची दुरुस्ती

मी, खाली सही करणारी, वय वर्षे शहात्तर, सैनिकी वस्तुसंग्रहालयाच्या गणवेश विभागाची निवृत्त प्रमुख, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि स्वतःच्या हस्ताक्षरात लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. त्यातील दोन वाक्ये मला दुरुस्त करावी लागली. त्यामुळे दाखला खरा असल्याचे आपोआप सिद्ध होते. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे (एकूण तीन) मी रद्द करते. त्यांची भाषा चांगली होती, मजकूर चुकीचा होता.

कलम १. राहते घर, त्यातील भांडीकुंडी, कपाटे आणि गॅलरीतील कुंड्यांसह, गेली अठरा वर्षे हे घर आणि मला सांभाळणाऱ्या ताईंना द्यावे. मी दररोज त्यांच्या चहात खोट काढली आणि त्यांनी दररोज तोच चहा केला. माझ्या आयुष्यात माझ्यापुढे न नमलेली माणसे फार थोडी, आणि त्या सर्वांची मी आज ऋणी आहे. घरावर नातेवाइकांपैकी कोणी हक्क सांगितल्यास त्याने प्रथम ताईंचा वाढदिवस कधी असतो ते सांगावे.

कलम २. माझ्या मावसभावाने शब्दकोशाचा पहिला खंड तीस वर्षांपूर्वी 'आठ दिवसांसाठी' नेला. त्याला दुसरा खंडही द्यावा. निदान एका घरात तरी संच पूर्ण होईल.

कलम ३. पितळी दांडीचे भिंग, त्याचा दिवा आणि माझे लिहिण्याचे टेबल आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावरील शिंपीदादांना द्यावे. याचे कारण सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण या मृत्युपत्राचे कारणही तेच आहे.

माझे वडील सैन्यात गेले तेव्हा मी काही महिन्यांची होते. ते परत आले नाहीत. त्यांचे एकच छायाचित्र आमच्याकडे होते: उघडे डोके, अंगात कोट, कॉलरवर बिल्ला. आई सांगत असे, "ते पूल बांधणाऱ्या तुकडीत होते. रजेवर आले तेव्हा तळहातांवर दोरांचे वळ होते." मी शिकले, गणवेश हाच विषय घेतला, आणि पस्तिसाव्या वर्षी संग्रहालयात जुन्या छायाचित्रांचे पहिले कायमस्वरूपी प्रदर्शन भरवले. वडिलांचे छायाचित्र क्रमांक एकवर लावले आणि खाली लिहिले: 'तोफखान्यातील शिपाई.' आई उद्घाटनाला आली होती. पाटी वाचून ती सर्वांसमोर म्हणाली, "अगं, हे चुकलंय. तोफ ह्यांनी लांबूनसुद्धा पाहिली नसेल."

मी म्हणाले, "आई, तुला आठवतं ते तुझं. बिल्ला तोफखान्याचा आहे. पुरावा म्हणतात तो याला."

पाहुणे हसले. आई म्हणाली, "बरं बाई. शिकलेली तू."

त्यानंतर ती दोन वर्षे जगली, आणि वडिलांविषयी माझ्याशी पुन्हा एक शब्दही बोलली नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पाळ्या करून तिने मला जी विद्या दिली, ती मी पहिल्यांदा तिच्यावरच चालवली.

तोफखान्याच्या नोंदवहीत वडिलांचे नाव नव्हते. या छायाचित्रांवर पुढे लिहिलेल्या माझ्या ग्रंथात मी त्यावर तळटीप दिली: 'लेखनिकाच्या हलगर्जीपणामुळे नोंद गहाळ.' त्या लेखनिकाची मी येथे जाहीर माफी मागते. त्याने एकही नाव गाळलेले नव्हते.

गेल्या वर्षी आजारपणात मी वाळले आणि कपडे अंगावर लोंबू लागले. जिने उतरवत नव्हते, म्हणून शिंपीदादा मापे घ्यायला घरी आले. तोंडात टाचण्या धरून त्यांनी भिंतीवर लावलेल्या वडिलांच्या छायाचित्राच्या प्रतीकडे पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि टाचण्या काढून म्हणाले, "बाई, हा कोट ह्यांचा नाही."

"म्हणजे काय?"

"खांद्याची शिवण बघा, पार दंडावर उतरलीय. बाही आत दुमडलीय. आणि पोटाशी या चुण्या? मागं कापड गोळा करून टाचण्या मारल्याशिवाय अशा पडत नाहीत. स्टुडिओचा कोट असणार. माझ्या आजोबांनी शिवलेत असले. एकच करायचा, मोठ्यातला मोठा. बारीक माणूस आला की मागून टाचायचं."

मी त्यांना कॉलरवरील बिल्ल्यांचा इतिहास ऐकवला. वीस मिनिटे. तो संपल्यावर ते म्हणाले, "असेल, बिल्ला खराच असेल. पण तो कोटाचा. माणसाचा नाही. आता हात वर करा, बगलेतलं माप राहिलंय."

मी त्यांच्यावर रागावले आणि पुढचे दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी ताईंच्या आधाराने जिने उतरले, रिक्षा करून संग्रहालयात गेले आणि त्याच स्टुडिओचा शिक्का असलेली सर्व छायाचित्रे काढली. ती चार होती. चारही शिपायांच्या कोटाचे तिसरे काज एकाच जागी, एकाच तिरक्या टाक्याने रफू केलेले होते. एकाच कोटात चार माणसे घालून ती मी तोफखान्यात भरती केली होती. इतकी घाई भरती अधिकाऱ्यांनीही कधी केली नसेल.

मग पूल बांधणाऱ्या तुकडीची नोंदवही उघडली. माझ्या खुर्चीपासून ती दोन हातांवर होती आणि नोकरीच्या उभ्या काळात मी तिला हात लावला नव्हता. अठ्ठाविसाव्या पानावर वडिलांचे नाव होते. वारस म्हणून आईचे. शेरा: 'पुलाचा शेवटचा गाळा बसवताना पुरात वाहून गेला. पूल पूर्ण झाला.' ज्याने हे वळणदार अक्षरात लिहून ठेवले, त्याला माझा नमस्कार.

शिंपीदादांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "चला, बरं झालं. ब्लाउजला लूप लावू का हूक?" त्यांचा मी सन्मान करू पाहिला तो त्यांनी असा उडवून लावला. म्हणून भिंग. ते नाकारताना त्यांच्यासमोर मी नसेन.

कलम ४. माझा सर्व ग्रंथसंग्रह, टिपणे आणि बँकेतील शिल्लक संग्रहालयाला, एका अटीवर. आजचा विभागप्रमुख माझाच विद्यार्थी. मी त्याला बोलावून ही अट सांगितली, तेव्हा तो खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाला, "बाई, कोणाच्या लक्षातसुद्धा आलेलं नाही. ग्रंथाच्या चार आवृत्त्या झाल्या. उगाच लोक तुमच्या नावाला हसतील हो."

"अरे, नाव माझं आहे. नवरा तिचा होता."

"पण आता ऐकायला आजी कुठे आहेत?"

ऐकायला आई नाही, हे खरे. पण ती होती तेव्हा पाहुण्यांसमोर हसू झाले तिचे. तेव्हा दुरुस्तीही पाहुण्यांसमोरच झाली पाहिजे. त्याने हे माझ्यावरील मायेपोटी म्हटले, हे मी जाणते आणि त्यासाठी त्याची आभारी आहे. तरी अट कायम आहे: माझ्या मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत क्रमांक एकची पाटी बदलावी आणि ती बदलताना प्रदर्शन लोकांसाठी खुले असावे. उरलेल्या तिघांच्या पाट्यांवर 'तुकडी अज्ञात' असे लिहावे. त्यांच्या आया-बायकांना मी विचारलेले नाही. ग्रंथाची पाचवी आवृत्ती तळटीप वगळून, या दुरुस्तीसह काढावी. अट न पाळल्यास सर्व काही सार्वजनिक वाचनालयाला जावे.

कलम ५. नव्या पाटीचा मजकूर मी येथेच देत आहे. विद्वत्तेच्या कारणाने यात कोणीही भर घालू नये.

'पूल बांधणाऱ्या तुकडीतील शिपाई. कोट छायाचित्रकाराचा. ओळख पटवली: पत्नीने.'

वरील मजकूर मी दोनदा वाचला, डॉक्टरांकडून एकदा मोठ्याने वाचून घेतला, आणि तो मला मान्य आहे.

(सही) मृत्युपत्र करणारी

आमच्यासमोर सही केली. आम्ही तिच्यासमोर व एकमेकांसमोर साक्ष घातली:
(सही) घरचे डॉक्टर
(सही) शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिका

शिंपीदादा आणि ताई हजर होते; लाभार्थी असल्यामुळे त्यांची साक्ष घेतलेली नाही.

स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: १२ मार्च २०१९, मंगळवार, सकाळी अकरा