पप्पांची हॅट

१ जानेवारी, अल कुसैस

सकाळपासून ती हॅटच डोळ्यांसमोर आहे. कॅनडातून धाकट्या बहिणीने, सँड्राने व्हिडिओ पाठवला. दारात गुडघाभर बर्फ आणि त्याचा केलेला म्हातारा. वसईत थर्टी फर्स्टला आम्ही दोघी सरत्या वर्षाचा म्हणून गवत भरून जाळायचो, तोच. फक्त हा बर्फाचा, आणि डोक्यावर पप्पांची हॅट! पप्पा गेल्यावर तिने ती उचलली तेव्हा मीच 'घे गं' म्हटलं होतं. का म्हटलं? मोठी बहीण म्हणून? आणि आई तिच्या शेजारी हातमोजे घालून खिदळतेय. इथे आखातात माझ्याकडे आली होती तेव्हा तिला नुसतं उकडत होतं.

"मम्मा, वी डोन्ट हॅव स्नो," रिया म्हणाली.

नाही कसा? आमच्या जुन्या फ्रीजरमध्ये ढीगभर साचलाय. खरवडून काढला आणि ताटलीत वीतभर म्हातारा केला. रियाने त्याला सोड्याच्या बाटलीचं झाकण घातलं, तिरकं, पप्पा हॅट घालायचे तसं. तिने पप्पांना पाहिलेलंसुद्धा नाही.

संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर दाखवला. "अगं, अगदी तुझे पप्पा!" म्हणत आई इतकी हसली की चष्मा काढून डोळे पुसायला लागली. सँड्रा मात्र हसली नाही. मी नीट बघत होते.

म्हातारा सिंकमध्ये वितळून खलास. झाकण धुऊन माझ्या कपाटात ठेवलंय. या वेळी कोणालाही 'घे गं' म्हणणार नाही.