झील धरली न्हाई

माघ शुद्ध पंचमी, दिवेलागण

आज लिंबागणेशच्या जत्रेत आमचे शाहीर दगडूमामा नवा पोवाडा म्हणाले. स्वतः रचलेला, वेठीवर. पोलीस अमीनसाहेबांचे डेरे-तंबू फुकट वाहून गावाची बैलं कशी मेली, ते सगळं त्यात. मामांनी ओळ टाकायची आणि मागून मी ती उचलायची, झील धरायची, हे आमचं नेहमीचं.

"बैल आमचे, डेरे त्यांचे, चाबूक कुणाचा सांगा रं!" मामांनी ओळ टाकली.

समोर खुद्द अमीनसाहेब, पाटलाशेजारी बसलेले. मी तोंड उघडलं न्हाई. मागची माणसं धोतरं झटकत उठायला लागली. मामांनी ओळ परत टाकली. मी तुणतुण्याची खुंटी पिळत बसलो, जशी काय तार उतरली होती. तार चांगली होती. कामून असं केलं मी? शेवटी मामांनीच स्वतःची झील धरली. शाहिरावर अशी पाळी आलेली मी जन्मात पाहिली न्हाई.

शिपाई सांगून गेला, उद्या शाहिरानं चावडीवर यायचं. एकट्यानं.

वाटलं, मामा आता शिव्या घालतील. ते म्हणाले, "गळा बसला का रं तुजा? गरम पाणी पी."

"व्हय मामा, लई बसलाय," मी म्हणालो.

मामा चावडीसाठी तिथंच थांबले. घरी येताना गाडीत मी एकटाच. वाटेला चिटपाखरू न्हाई. तिथं म्हटली ती ओळ, झिलीसकट, खणखणीत.

बैलांनी तेवढे कान हलवले.