एका बाटलीचे दोन ग्लास

रविवार, ९ मार्च

प्रिय मास्तरीणबाईंस,

सप्रेम नमस्कार. शाळा सोडून इतके दिवस झाले तरी मायना चुकला की तू लाल शाई काढशील, म्हणून नमस्कार आधी. मी ठीक आहे. गुडघा त्याच्या मर्जीने चालतो, चष्म्याचं दुकान माझ्या मर्जीने. मुंगीला पहिला दात आला हे मी दुकानात येईल त्याला सांगितलं. एका गिऱ्हाइकाने विचारलं, "कोण मुंगी?" आता नातीचं नाव मुंगी कसं पडलं हे सांगण्यात त्याचा चष्मा द्यायचा राहून गेला.

तुझा प्रश्न लक्षात आहे. लेक पुन्हा कामावर रुजू झाली, मुंगी लहान आहे, तेव्हा तू आणखी वर्षभर तिकडेच राहावंस का? फोनवर मी "हो हो, राहा की" म्हणालो, तर तू म्हणालीस, "फोनवरचं तुमचं हो मला ओळखू येत नाही. लिहून कळवा." म्हणून लिहायला बसलोय. उत्तर देतो. पण आधी बिअरचं सांगतो.

जावईबापू तुला न्यायला आले तेव्हा बेल्जियन बिअरची पेटी ठेवून गेले होते ना, ती मी उघडली. तू येईपर्यंत थांबणार होतो. पण तुझं येणं पुढे पुढे जायला लागलं, आणि कपाट उघडलं की बाटल्या माझ्याकडे बघायच्या.

पहिली गव्हाची, पांढरट. धण्यांचा आणि संत्र्याच्या सालीचा वास. तू म्हणाली असतीस, ही बिअर नव्हे, सरबत आहे. मग डबेल म्हणतात ती तपकिरी: खजूर, मनुका, किंचित जळलेली साखर. आणि ट्रिपेल, दिसायला सोनेरी नि साधीभोळी, पण दोन घोटांत कान गरम करणारी. या दोघी शेजारी शेजारी ठेवून तुलना करायला बसलो आणि तिथेच घोडं अडलं. ट्रिपेलमध्ये काय लागतंय ते मला सांगताच येईना. तू "केळं" म्हणायचीस, की मी लगेच "छे, लवंग" म्हणायचो. आता केळं म्हणणारं कुणी नाही, तर लवंगही सापडेना. इतकी वर्षं मी स्वतःला जाणकार समजत होतो. मी नुसता तुझ्याशी भांडत होतो.

शेवटी शेजारच्या ड्रायव्हरसाहेबांना बोलावलं. आपली पद्धत नीट समजावली: बाटली एक, ग्लास दोन. वरची नितळ बिअर एका ग्लासात, तळातली गाळासकट दुसऱ्यात. दोघांनी निम्मी निम्मी प्यायची आणि मग ग्लास बदलायचे, म्हणजे एकाच बाटलीच्या दोन्ही चवी दोघांना कळतात. त्यांनी मान डोलावली. मी पहिला घोट जिभेवर घोळवतोय तोवर त्यांचा ग्लास रिकामा! मी म्हणालो, "अहो, बदलायचे होते."

"मग बदला की, माझी कुठे ना आहे?" म्हणाले, आणि रिकामा ग्लास माझ्याकडे सरकवला. आयुष्यभर थांब्याथांब्यावर बस थांबवली, आता कुठेच थांबायला तयार नाहीत.

त्यानंतर मी एकट्यानेच घेतो. काल संध्याकाळी आंबट बिअर उघडली, जुनी आणि नवी मिसळून करतात ती. सवयीने तुझ्या ग्लासात नितळ ओतली, माझ्यात गढूळ. माझी निम्मी झाली तसा ग्लास पुढे करून मी थांबलो. बराच वेळ हात तसाच टेबलावर. मग माझं मलाच हसू आलं. म्हटलं, पद्धत म्हणजे पद्धत. उठलो, टेबलाला वळसा घालून तुझ्या खुर्चीत जाऊन बसलो आणि तुझा ग्लास उचलला.

बिअर चांगली होती. हिरव्या सफरचंदासारखी. पण ते राहू दे.

तुझ्या खुर्चीतून खिडकी दिसत नाही, हे मला ठाऊकच नव्हतं. मला रस्ता दिसतो, दिवे दिसतात, समोरच्या गॅलरीतली भांडणं दिसतात, आणि मी ती तुला सांगत असतो. मला वाटायचं, आपण दोघं एकच संध्याकाळ बघतोय. तुझ्या जागेवरून कोरी भिंत आणि माझी खुर्ची, एवढंच दिसतं. म्हणजे इतकी वर्षं तू माझ्याकडेच बघत बसलेली असायचीस. ग्लास बदलायचं आपल्याला सुचलं, खुर्च्या बदलायचं मला कधी सुचलं नाही. लोकांची नजर तपासणं हा म्हणे माझा धंदा.

मी त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसलो. फार एकटं वाटलं गं. हे मी फोनवर म्हणालो नसतो.

तर उत्तर. लेकीची ओढाताण मला कळते. मुंगीला तुझा लळा लागलाय, तेही कळतं. समजूतदार नवऱ्याने काय लिहावं हे मला माहीत आहे, आणि पहिल्या कागदावर मी तेच लिहिलं होतं. तो फाडला.

राहू नकोस. लेकीला माझं नाव सांग, म्हणावं, म्हातारा हट्टाला पेटलाय. मुंगीची सोय लागेपर्यंत थांब. वर्ष मात्र नको.

पेटीत आता एकच उरली आहे, तारेने बूच बांधलेली मोठी बाटली. ती एकट्याला संपायची नाही, आणि ड्रायव्हरसाहेबांना मी ती देणार नाही. खिडकी दिसणारी खुर्ची आता तुझी. मी भिंतीकडे तोंड करून बसेन. मध्ये तू असशील.

तुझ्या समोरच्या खुर्चीतला,
मी