पायलची मंगळवारची चाचणी

सोलापूर, रविवार (व्हॉट्सअ‍ॅपवर)

हिंदुरावदादास वैजूचा नमस्कार.

आम्ही मायलेकी बऱ्या आहोत. तुझा गुडघा कसा आहे?

पायल फिजिक्सच्या पहिल्या चाचणीत नापास झाली. मंगळवारी दुसरी आहे. सरांना विचारायला लाजते, "कॉलेज सोडती" म्हणते. मला चैन नाही. आज आमटीत मीठ दोनदा पडलं.

काल तिचं पुस्तक वाचून मीच विचारलं, "वर फेकलेला चेंडू क्षणभर थांबतो, तवा जमिनीची ओढबी थांबती की गं?"

"न्हाय आई! वेग शून्य होतो, ओढ तशीच ऱ्हाती."

तिचे बाबा गेल्यापासून माझं तेच आहे, दादा.

त्या पुस्तकातलं कॅल्क्युलस मात्र मला उमगत नाही. तुझ्या सूनबाईचं गणितात बी.एस्सी. झालंय. उद्या संध्याकाळी तिला फोन करायला सांग, पण आत्यालाच शिकायचंय म्हणावं. पायल शेजारी बसेल, आणि मी चुकले की तिला बोलल्यावाचून राहवणार नाही.

तुझी,
वैजू